‘गॅस लीक आहे’ म्हणत 2,850 रुपये नेले

मागच्या महिन्यात डोंबिवलीला आईकडे भरदुपारी दोघे जण आले. खाकी शर्ट, गळ्यात कार्ड, हातात पावतीपुस्तक. "गॅस एजन्सीकडून आलोय, तपासणी कंपल्सरी आहे." आई एकटीच घरी. वय 71.

एकाने भांड्याच्या साबणाचा फेस करून रेग्युलेटरवर आणि नळीच्या तोंडावर फासला. "बघा आजी, बुडबुडे. लीक आहे. आज बदललं नाही तर कनेक्शन बंद करावं लागेल." आईने मला ऑफिसात फोन लावला. मी मीटिंगमध्ये होतो. खरं सांगायचं तर मीच म्हणालो, "देऊन टाक गं, गॅसचा प्रश्न आहे." शहाणा मुलगा!

नळी 850, रेग्युलेटर 1,200, बाकी ‘बर्नर सर्व्हिस’चे. एकूण 2,850 रुपये रोख. जुना रेग्युलेटर ‘जमा करावा लागतो’ म्हणून घेऊन गेले. नळीही नेणार होते, पण पिंपात पाणी भरायला होईल म्हणून आईने ती मोरीत ठेवून घेतली होती. तेवढं बरं झालं.

रात्री स्वयंपाकघरात शिरलो तर वास. सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, दिव्याच्या बटणालासुद्धा हात लावला नाही आणि बाहेर येऊन 1906 ला फोन केला. गॅसगळतीसाठी हा नंबर चोवीस तास चालू असतो.

नंतर एजन्सीचा खरा मेकॅनिक आला. नवी नळी शेगडीच्या नोझलवर सैल बसत होती, तिच्यावर आयएसआयचा शिक्काही नव्हता. म्हणजे आधी जे गळत नव्हतं ते पैसे देऊन गळायला लावलं होतं. मग आईने मोरीतली जुनी नारिंगी नळी आणून दाखवली. तिच्यावर छापलेली मुदत संपायला अजून दोन वर्षं होती. एजन्सीत तसली नळी दोनशेच्या आसपास मिळते. रेग्युलेटर तर डिपॉझिटवर दिलेला, कंपनीच्याच मालकीचा. आपोआप बिघडला तर एजन्सी फुकट बदलून देते.

आणि ते बुडबुडे? मेकॅनिकने चांगल्या जोडावर फेस लावून दाखवला. फेस म्हटला की बुडबुडे असणारच, ते हळूहळू बसतात. गळती असेल तर एकाच जागी नवे बुडबुडे फुगत राहतात, पुसून पुन्हा लावलं तरी तिथेच येतात. शिवाय गॅसमध्ये वासाचं द्रव्य मुद्दाम घातलेलं असतं. त्या दुपारपर्यंत आईला कधीच वास आला नव्हता, पण त्याचा विचार करायचं ना तिला सुचलं ना मला.

मी फोनवर एवढंच म्हणायला हवं होतं, "सिलिंडर बंद करून जा, बदलायचं ते उद्या एजन्सीकडून बदलून घेऊ." गळती खरी असती तरी त्यात काही बिघडलं नसतं. आपल्या गॅसच्या पुस्तकावरच्या एजन्सीच्या नंबरवर फोन करून ‘आज कुणी पाठवलंय का’ हे विचारायला दोन मिनिटं लागली असती. कार्डावर एजन्सीचं नाव तरी होतं का, हे आईला आता आठवत नाही.

पोलिसांनी अर्ज घेतलाय. आमच्या विंगमधल्या आणखी दोन घरांतून पैसे गेलेत, त्यातल्या एका काकूंनी तर घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. गेटवरच्या रजिस्टरात त्या दिवशी ‘गॅसवाले, 2 माणसं’ एवढीच नोंद आहे, शेजारी मोबाइल नंबर. मोजले तर आकडे नऊच.