झोटेरो, नऊ महिन्यांनंतर: काम संदर्भांचे, हिशेब कॅपिटल अक्षरांचा

गेल्या महिन्यात माझा लेख एका नियतकालिकाने समीक्षकाकडे न पाठवताच परत केला. कारण एका ओळीत दिले होते: संदर्भसूची विहित नमुन्यात नाही. कृष्णाकाठच्या विहीर-बागायतीवर तीन वर्षे खपून लिहिलेल्या त्या इंग्रजी लेखात ६४ संदर्भ आहेत आणि नऊ महिन्यांपासून ते सगळे झोटेरोत, म्हणजे संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आहेत. त्यामुळे राग आधी झोटेरोवरच निघाला. तो अन्यायाचा होता हे कळायला दोन संध्याकाळी गेल्या, म्हणून हा अनुभव जरा विस्ताराने लिहीत आहे.

झोटेरो मी घेतले त्याचे कारण ते फुकट आहे, हेच. त्याआधी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरची चाचणी-मुदत वापरून झाली होती. ती संपल्यावर त्याने मागितलेल्या रकमेत माझ्या विषयाची डझनभर पुस्तके आली असती. गावातला डीटीपीवाला सूची करून देतो, पण स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे हे त्याच्या शेजारी बसून आपणच सांगायचे असते, आणि पुढच्या नियतकालिकाची शैली वेगळी निघाली की पैसे पुन्हा मोजायचे.

डीओआय, म्हणजे लेखाला मिळालेला कायमचा ओळख-क्रमांक, टाकला की नोंद आपोआप भरते, वर्डमध्ये बटण दाबले की कंसात लेखक व साल येते, हे सर्वांना ठाऊक आहे. माझे निम्मे संदर्भ मात्र डीओआय नसलेल्या काळातले आहेत: १८८५ चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर, शेतीखात्याचे जुने अहवाल, १९६६ पूर्वी ‘इकॉनॉमिक वीकली’ या नावाने निघणाऱ्या साप्ताहिकातले लेख. या नोंदी हाताने भराव्या लागतात आणि हाताने भरताना चुका आपल्याच होतात. पहिल्या आठवड्यात मी ‘गव्हर्नमेंट ऑफ बॉम्बे’ हे नाव व्यक्तीसारखे दोन रकान्यांत भरले आणि सूचीत सरकारचे आडनाव ‘बॉम्बे’ होऊन बसले. नावाच्या रकान्याशेजारी एक बारीकसे चिन्ह आहे. ते दाबले की दोन रकान्यांचा एक होतो आणि संस्थेचे नाव अखंड राहते. हे चिन्ह मला चौथ्या महिन्यात दिसले.

पण माझा खरा वेळ खाल्ला तो कॅपिटल अक्षरांनी. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ठरवलेल्या, शैलीत लेखाचे आणि पुस्तकाचे शीर्षक वाक्यासारखे छापतात, म्हणजे पहिला शब्द, अपूर्णविरामानंतरचा (:) शब्द आणि विशेषनामे एवढ्यांनाच मोठे अक्षर. त्याच नोंदीत नियतकालिकाच्या नावाला मात्र प्रत्येक महत्त्वाच्या शब्दावर मोठे अक्षर. संकेतस्थळांवरून उचललेली शीर्षके कधी प्रत्येक शब्दाला मोठे अक्षर लावून येतात, तर कधी संपूर्ण मोठ्या अक्षरांत. शीर्षकावर उजवी टिचकी मारून ते वाक्यरूपात आणता येते, पण त्यानंतर विशेषनामे एकेक तपासून पुन्हा उभी करावी लागतात. डेक्कन, सातारा, कृष्णा, कॉलेक्टरचे नाव, कालव्याचे नाव. ६४ शीर्षके मी तीनदा तपासली आणि तिसऱ्या खेपेलाही एक ‘कृष्णा’ लहान अक्षरात सापडली. ज्यांच्या लिपीत लहान-मोठे अक्षर असा भेदच नाही, त्यांनी या नियमापायी रात्री जागवाव्यात, याला काय म्हणावे! सूचीतले मराठी ग्रंथ रोमन लिपीत लिहिले नसते, तर ते तरी या जाचातून सुटले असते.

इथपर्यंत लिहिले असते तर मी पाचपैकी तीन तारे दिले असते. मत बदलले ते झोटेरोच्या मदतपानांवर एक साधी गोष्ट वाचल्यावर. शीर्षके नेहमी वाक्यरूपातच साठवावीत, असे तिथे सांगितले आहे; कारण वाक्यरूपावरून सर्व शब्दांना मोठे अक्षर लावणे यंत्राला जमते, पण उलट दिशेने येताना विशेषनाम कोणते आणि साधा शब्द कोणता हे त्याला कळत नाही. म्हणजे मी तक्रार करत होतो ती इंग्रजी छपाईच्या रिवाजाची, आणि माझे तीन फेऱ्यांचे श्रम वायाही गेले नव्हते. ती शीर्षके आता कोणत्याही शैलीत चालतात.

आता त्या परत आलेल्या लेखाकडे येतो. नियतकालिकाच्या सूचनांत नुसते ‘एपीए’ लिहिले होते. मी सातवी आवृत्ती निवडली, कारण २०१९ पासून तीच चालू आहे. तिच्यात पुस्तकाचे प्रकाशनस्थळ वगळले आहे; सहाव्या आवृत्तीत ते सक्तीचे होते. या संपादकीय कार्यालयाचा नमुना अजून सहाव्यातच होता, हे त्यांच्या आधीच्या अंकातल्या सूच्या उघडून पाहिल्यावर उमगले. सूचनांत आवृत्तीचा आकडा छापायला त्यांना किती शाई लागली असती? वर्डमधल्या झोटेरोच्या ‘डॉक्युमेंट प्रेफरन्सेस’मध्ये जाऊन मी शैली बदलली, सहावी निवडली, आणि चहाचा कप खाली ठेवेपर्यंत मजकुरातले उल्लेख व शेवटची सूची दोन्ही नव्या नमुन्यात आली. हाताने हे करायला मला पूर्वी चार दिवस लागत. त्या क्षणी चौथा तारा दिला.

मात्र २३ पुस्तकांपैकी ११ पुस्तकांपुढे स्थळ आले नाही. सातव्या आवृत्तीत दिसत नाही म्हणून तो रकाना मी भरलाच नव्हता. कंजूषपणा पैशाचा असतो तसा टंकनाचाही असतो.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर साठवणुकीबद्दल. फुकटात ३०० एमबी मिळतात, आणि गॅझेटियरच्या स्कॅन केलेल्या दोन-तीन पीडीएफमध्येच माझी ती जागा भरली. वर्षाला २० डॉलर देऊन २ जीबी घेता येतात. मी दिले नाहीत. नोंदींचे समक्रमण (सिंक) या मर्यादेत मोजले जात नाही, मोजल्या जातात फक्त जोडलेल्या फाइली. म्हणून फाइलींचे समक्रमण बंद केले आणि पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवल्या. महाविद्यालयातल्या आणि घरच्या संगणकावर नोंदी सारख्याच दिसतात, मला तेवढे पुरे.

एक सावधगिरी मात्र पदरचे मोजून शिकलो. लेख पाठवण्यापूर्वी ‘अनलिंक’ केले की उल्लेख साधा मजकूर होऊन जातात आणि झोटेरोशी त्यांचा संबंध कायमचा तुटतो. मी ते मूळ फाइलवरच केले होते. सहावी आवृत्ती लावण्यासाठी महिन्यापूर्वीची जुनी प्रत शोधून तिच्यात नंतरच्या दुरुस्त्या पुन्हा घालाव्या लागल्या. आता अनलिंक करायची प्रत वेगळ्या नावाने ठेवतो.

उरलेल्या ११ पुस्तकांसाठी परवा ग्रंथालयात बसलो. कपाटे उघडून देणाऱ्या काकूंनी विचारले, “सर, ही पुस्तकं तर तुम्ही आधीच वाचलीत ना?” मी म्हणालो, “वाचली, पण छापली कुठे ते पाहायचं राहिलं.” सात पुस्तकांच्या शीर्षकपानावर ‘पूना’ होते, एकावर ‘पुणे’. जसे छापले आहे तसेच रकान्यात भरले आणि काल रात्री लेख पुन्हा पाठवला. एकाच सूचीत एका शहराची दोन नावे पाहून कार्यालयाकडून आता कोणती ओळ येते, त्याची वाट पाहत आहे.