संघ वाढवायचे की गुंडाळायचे?

अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजांना तिकीटविक्रीतून किंवा टीव्हीतून फारसं काही मिळत नाही. मग खेळांवर खर्च कशाला? दोन कॉलेजांनी याची अगदी उलटी उत्तरं दिली.

मिशिगनमधलं एड्रियन कॉलेज २००५च्या सुमारास विद्यार्थ्यांअभावी अडचणीत होतं. त्यांनी नवी मैदानं, आइस हॉकीचं रिंक बांधलं, नवे संघ काढले आणि प्रत्येक प्रशिक्षकाला ठरावीक विद्यार्थी आणायचं लक्ष्य दिलं. थोडक्यात, प्रशिक्षक म्हणजे प्रवेश विभागाचा फिरता माणूस! कॉलेज ‘डिव्हिजन थ्री’ या कॉलेज-क्रीडास्पर्धांच्या गटात असल्याने खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. खेळायला आलेला मुलगा फी भरतो. काही वर्षांतच पटसंख्या जवळपास दुप्पट झाली. अर्थात फीमधल्या इतर सवलती वजा केल्यावर हातात किती उरतं, हा खरा हिशोब. शिवाय शेजारच्या कॉलेजांनीही हेच केलं, की तीच मुलं सगळ्यांमध्ये वाटली जाणार.

अटलांटाच्या स्पेलमन या महिला कॉलेजात सुमारे २,१०० विद्यार्थिनींपैकी जेमतेम ८० जणी संघांत होत्या आणि त्यांच्यावर वर्षाला सुमारे १० लाख डॉलर जात होते. २०१२मध्ये अध्यक्षा बेव्हर्ली डॅनियल टेटम यांनी संघ बंद करून तो पैसा सगळ्यांच्या व्यायाम-आरोग्याकडे वळवायचं जाहीर केलं.

मला स्पेलमनचा हिशोब जास्त पटतो, पण तिथे प्रवेशासाठी रांग लागते. बाकं रिकामी असलेल्या कॉलेजाला ही चैन परवडेलच असं नाही.