विक्रोळीत उणे 40 अंश

माझी हायब्रीड सेडान 2014ची, सेकंड हँड घेतलेली, वॉरंटी केव्हाच संपलेली. जुलैत कुर्ल्याच्या तुंबलेल्या पाण्यातून काढली, मागची मॅट भिजली आणि तीन दिवसांनी डॅशबोर्डवर हायब्रीड सिस्टीमचा दिवा लागला.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला आणि च्‌च्‌ करत मान हलवली. "साहेब, बॅटरी गरम होतेय. पॅक गेला. एक साठ." माझं तोंड उतरलेलं बघून दहा मिनिटांनी स्वतःच म्हणाला, "आधी टेम्परेचर सेन्सरचा सेट बदलून बघू, सव्वीस हजारात भागेल." एक लाख चौतीस हजार वाचले या आनंदात मी उभ्या उभ्या पैसे पाठवले. मी फसलो तो तिथेच.

दिवा अकरा दिवस गप्प राहिला, मग पुन्हा लागला.

ठाण्याचा मावसभाऊ ईव्ही दुरुस्त करतो. (त्याला आधी का विचारलं नाही, हा प्रश्न घरी रोज निघतो.) तो म्हणाला, "दादा, रात्रभर उभी ठेव. मी सकाळी येईपर्यंत चालू करू नकोस." साडेसहाला स्कॅनरवर लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, उघडला. बॅटरीचे तीन सेन्सर: 28, 29, उणे 40. "विक्रोळीत बर्फ पडला काय रे?"

रात्रभर उभ्या गाडीत सगळे सेन्सर बाहेरच्या हवेइतकेच दाखवतात, एखाददुसरा अंश इकडेतिकडे. तापमान वाढलं की या सेन्सरचा रेझिस्टन्स कमी होतो. वायर तुटली किंवा पिन सुटली की रेझिस्टन्स अफाट होतो आणि गाडीला वाटतं कडाक्याची थंडी आहे. शॉर्ट झाला तर उलट, आकडा वर जाऊन बसतो. म्हणजे 'गरम होतेय' ही शुद्ध थाप.

त्याने सर्व्हिस प्लग (बॅटरीचा वीजप्रवाह तोडणारा) काढला, दहा मिनिटं थांबला, रबरी हातमोजे घालून मागची सीट उचलली. हे घरी करून बघू नका, नारिंगी वायरींत दोनशेच्या वर व्होल्ट असतात. बॅटरीच्या कव्हरवर धुळीचा थर, आणि एका बोल्टवर आडवी चिकटलेली 2019ची पार्किंगची पावती. सेन्सर बदलायचा तर ते कव्हर उघडावंच लागतं. ते कोणी उघडलंच नव्हतं. फक्त गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड पुसला होता, म्हणून दिवा गेला. सेन्सर मीटरवर साडेआठ किलोओहम दाखवत होता. 25 अंशांना 10 किलोओहमचा हा सेन्सर, त्या सकाळच्या 29 अंशांना साडेआठच्या आसपासच हवा; म्हणजे सेन्सर ठीक होता. खराब होती ती कनेक्टरची एक पिन, ओलाव्याने हिरवी पडलेली. ती बदलल्यावर आकडा 29वर आला. भावाने मिसळ खाल्ली, पैसे घेतले नाहीत.

गॅरेजवाला म्हणतो, "दिवा गेला होता ना? पुढच्या सर्व्हिसला डिस्काउंट देतो." ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार केली आहे. पण बिलावर नुसतं 'सेन्सर वर्क' लिहिलंय, पार्ट नंबर नाही. स्क्रीनवरच्या आकड्यांचा फोटो काढला नाही, आणि जुने सेन्सर परत द्या म्हणायचं तेव्हा सुचलंच नाही.