बंदरावरच्या नोंदी रकान्यांत बसवताना : कॉलम, ऑक की प्रिंटएफ?

मिरकरवाड्याच्या बंदरावर माशांचा लिलाव आटोपला, की होडीचे नाव, मासळी, वजन आणि दर या चार बाबी आम्ही साध्या मजकूर-फाइलीत, मध्ये उभी रेघ टाकून, ओळीने लिहून ठेवतो. अशी फाइल यंत्राला सोयीची असली, तरी माणसाला दाखवायची झाल्यास ती रकान्यांत नीट मांडावी लागते, आणि त्यासाठी लिनक्सच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, रकाने लावणारा कॉलम, ओळींवर हिशेब करणारा ऑक आणि बॅश शेलमधला (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममधला) मजकूर छापणारा प्रिंटएफ असे तीन मुख्य पर्याय हाताशी असतात. जून-जुलैच्या पावसाळी बंदीत दप्तर लावायला घेणाऱ्याला यांतून निवड करावी लागते, आणि हा आढावा त्याच्यासाठी आहे. कमांड टाइप करताना अर्थात रोमन अक्षरेच वापरायची आहेत.

माझ्या मते निवड एका प्रश्नावर ठरते : रुंदी मोजताना हे साधन नेमके काय मोजते? इंग्रजी मजकुरात एक अक्षर म्हणजे एक बाइट (साठवणुकीचे एकक) आणि पडद्यावरचे एक घर, त्यामुळे तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. देवनागरीत मात्र अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीने प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो वा मात्रा, तीन बाइट लागतात, आणि उकार, अनुस्वार, एकार यांसारखी चिन्हे पडद्यावर स्वतंत्र घर अडवत नाहीत. ‘रावस’ या शब्दात चार चिन्हे आणि १२ बाइट आहेत, तर ‘सुरमई’मध्ये पाच चिन्हे आणि १५ बाइट आहेत, पडद्यावर मात्र दोन्ही शब्द चार-चार घरेच घेतात.

आता रकान्याची रुंदी २० धरून पाहू. बॅशचा प्रिंटएफ बाइट मोजतो, म्हणून तो ‘रावस’नंतर आठ आणि ‘सुरमई’नंतर पाचच मोकळ्या जागा सोडतो, आणि सुरमईचे वजन तीन घरे डावीकडे सरकते. रुंदी १२ ठेवली, तर एकही मोकळी जागा उरत नाही आणि माशाचे नाव थेट आकड्याला चिकटते. आमच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये हाच दोष होता. फळ्यावर लावलेल्या कागदावरचा दर एका खलाशाने वजन म्हणून वाचला, तेव्हा तो ध्यानात आला. नावे रोमन लिपीत असतील आणि दोन-चार ठरावीक ओळी छापायच्या असतील, तर प्रिंटएफ पुरेसा आहे. मराठी नावांसाठी मी तो सुचवणार नाही.

ऑकच्या बाबतीत कोणता ऑक आहे, हे आधी पाहावे लागते. १९७७ साली बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी घडवलेल्या या भाषेच्या आज अनेक आवृत्त्या आहेत. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर मुळात मिळणारा मॉक बाइटच मोजतो, त्यामुळे तो प्रिंटएफचीच चूक करतो. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा गॉक यूटीएफ-८ लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे यंत्राची भाषा-लिपीची मांडणी) चिन्हे मोजतो, आणि वरच्या उदाहरणात त्याची चूक एका घरावर येते. हे बरे असले, तरी सरळ नव्हे. ऑकचे खरे बळ हिशेबात आहे : वजन गुणिले दर, होडीवार बेरीज, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह येईल असे उजवीकडे टेकलेले आकडे, हे सारे तो एकाच ओळीत करून देतो. मात्र देवनागरी आकडे त्याला आकडे वाटत नाहीत. फाइलीत कोणी ‘४५०’ असे लिहिले असेल, तर ते शून्य धरले जाते आणि कोणतीही सूचना न देता बेरीज चुकते. हे आकडे बदलण्यासाठी एका अक्षराच्या जागी दुसरे घालणारा ग्नूचा टीआर चालत नाही, कारण तोही बाइटच पाहतो. मजकूर बदलणाऱ्या सेड या कमांडमधली वाय ही आज्ञा यूटीएफ-८ लोकेलमध्ये ते काम बिनचूक करते.

कॉलम ही कमांड १९९० साली बीएसडी या युनिक्स प्रणालीच्या ४.३-रेनो आवृत्तीत आली. लिनक्सवरचा आजचा कॉलम यूटिल-लिनक्स संचातला असून, तो पडद्यावरची घरे मोजून रकाने लावतो. लोकेल यूटीएफ-८ असेल, तर रावस आणि सुरमई एका रेषेत येतात, आणि रुंदी आपल्याला सांगावीही लागत नाही. टी या पर्यायाने तक्ता बनतो, एसने विभाजक चिन्ह सांगता येते, मोठ्या आरने आकड्यांचे रकाने उजवीकडे टेकतात आणि मोठ्या एनने शीर्षके देता येतात. विभाजक सांगायला विसरू नये, कारण तो न सांगितल्यास कॉलम मोकळ्या जागेवर तुकडे पाडतो आणि ‘एकवीरा आई’ ही एकच होडी दोन रकान्यांत विभागली जाते. मॅकवरचा कॉलम बीएसडी वळणाचा असल्याने त्यात मोठा आर आणि मोठा एन नाहीत, शिवाय दर लिहायचा राहिला असेल तर तो रिकामा रकाना गाळून पुढचा मजकूर मागे ओढतो. अशा ठिकाणी रिकाम्या जागी आडवी रेघ लिहिण्याची शिस्त ठेवावी.

कॉलमला सर्व ओळी वाचल्याशिवाय एकही ओळ छापता येत नाही, कारण सर्वांत रुंद नाव कोणते हे त्याला आधी कळावे लागते. लिलाव चालू असताना पडद्यावर नोंदी एकेक करून उमटाव्यात अशी गरज असेल, तर गॉकच घ्यावा आणि एखाद्या घराचा फरक चालवून घ्यावा. दिवसअखेरच्या तक्त्यासाठी मी दोघांना जोडतो : हिशेब ऑकने करून निकाल पुन्हा उभ्या रेघेने वेगळा काढायचा आणि तो पाइपने (एका कमांडचा निकाल दुसरीला थेट देणाऱ्या जोडणीने) कॉलमकडे द्यायचा. मग ऑक मॉक असला तरी बिघडत नाही, कारण रुंदी मोजण्याचे काम त्याच्याकडे राहतच नाही.

पीआर ही कमांड पाने पाडून, माथ्यावर तारीख घालून छापण्यासाठी आहे. रकाने जुळवण्यासाठी तिचा विचार करू नये.

जोडाक्षरांपुढे मात्र कॉलमचेही गणित डळमळते. ‘मत्स्यगंधा’ हे होडीचे नाव तो सात घरांचे धरतो, पण टर्मिनल आणि फाँट त्यातले ‘त्स्य’ किती जागेत काढतील, ते त्यांच्यावर अवलंबून असते. म्हणून कागदावर छापून फळ्यावर लावायचा तक्ता मी आता लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये, उभी रेघ हाच विभाजक सांगून, उघडतो आणि तिथूनच छापतो.