गव्हाण नसलेला गव्हाणीचा देखावा: नाताळच्या एका मूर्तिसंचाविषयी

गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरातील एका दुकानातून येशूच्या जन्माच्या, म्हणजे नाताळच्या देखाव्यासाठी भाजक्या मातीच्या अकरा मूर्तींचा संच १,८५० रुपयांना घेतला. बीड जिल्ह्यातील आमच्या घरी तो महिनाभर मांडलेला होता, त्यामुळे आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल. मूर्ती सुरेख आहेत आणि रंग पक्का आहे. मात्र ज्या वस्तूवरून या देखाव्याला नाव मिळाले, ती जनावरांना वैरण घालायची गव्हाणच घडवणाऱ्याला कळलेली नाही, आणि माझ्या मते ही उणीव किरकोळ नाही.

संचातील सर्वोत्तम काम दोन मेंढपाळांचे आहे. त्यांतला थोरला अनवाणी आहे, त्याच्या टाचांना भेगा कोरल्या आहेत आणि खांद्यावरचे कोकरू त्याने दोन्ही हातांनी धरले आहे. सुगीनंतर आमच्या भागात धनगरांचे कळप रानात बसवले जातात, आणि कळपाचे राखणदार थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर उघड्यावर असतात. त्यांच्या चेहऱ्यावरचे जागरण या मूर्तीच्या डोळ्यांत नेमके उतरले आहे. बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात तारणाऱ्याच्या, येशूच्या जन्माची वार्ता प्रथम अशाच माणसांना मिळते, आणि देवदूत त्यांना खूण सांगतो ती राजवाड्याची किंवा ताऱ्याची नसून बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजवलेल्या बाळाची असते. ही खूण मेंढपाळांनाच ओळखता येण्याजोगी होती. वाड्याच्या दारात त्यांना कोणीतरी अडवले असते, पण गोठ्यात शिरायला त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. देवाने आपल्या भेटीची जागाच अशी निवडली होती की, जे कुठेच आत घेतले जात नाहीत त्यांनी प्रथम आत यावे.

येशूच्या आईची, मरियेची मूर्तीही मनापासून आवडली. बहुतेक संचांत ती हात जोडून गुडघ्यांवर बसलेली असते. येथे ती एक हात जमिनीला टेकून, नुकतीच बाळंत झालेली बाई बसते तशी बसली आहे. चाळीस दिवसांनंतर याच मरियेने मंदिरात शुद्धीकरणाच्या वेळी होले किंवा पारव्याची पिल्ले अर्पण केली, आणि लेवीय या पुस्तकातील नियमाप्रमाणे ज्यांना कोकरू परवडत नसे त्यांच्यासाठी ही सवलत होती, हे ठाऊक असलेल्याला तिच्या अंगावरचे साधे, बिनकाठाचे वस्त्र योग्य वाटेल. तिचा पती योसेफ ठीक आहे. पूर्वेकडून बाळाच्या दर्शनाला आलेले तीन ज्ञानी पुरुष मात्र इतरांपेक्षा दोन इंचांनी उंच झाल्याने सगळी नजर त्यांच्याकडेच जाते. ते लूकच्या नव्हे, तर मत्तयाच्या शुभवर्तमानातले असून तेथे त्यांची संख्याही दिलेली नाही, म्हणून त्यांच्या भेटीच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत आम्ही त्यांना दूर खिडकीत ठेवले.

आता गव्हाणीविषयी. संचाबरोबर मिळते ती एकमेकांवर तिरप्या आडव्या पायांची, सोनेरी मुलामा दिलेली, मखमली गादी चिकटवलेली लहानशी खाट आहे. माझ्या आईने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, "ह्याच्यात बैलानं तोंड कसं घालायचं?" यापेक्षा अचूक परीक्षण मला जमणार नाही. लूकच्या जन्मकथेत बैल आणि गाढवाचा उल्लेख नाही. बैल धन्याला आणि गाढव धन्याची गव्हाण ओळखते, पण माझे लोक मला ओळखत नाहीत, या संदेष्टा यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील देवाच्या विलापावरून ती जनावरे परंपरेने येथे आणली. मग ज्या गव्हाणीत जनावराला वैरण खाता येणार नाही, तिच्याशेजारी त्यांना उभे करण्यात काय अर्थ आहे? असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो येथे हा देखावा उभारला, तेव्हा गवताने भरलेली खरी गव्हाण, खरा बैल आणि खरे गाढव आणवले होते, कारण बाळ कोणत्या अडचणीत, कोणत्या गैरसोयीत निजले होते ते लोकांनी डोळ्यांनी पाहावे अशी त्यांची इच्छा होती.

मुलामा दिल्याने नेमके तेच झाकले जाते. गव्हाणीत निजलेला तो पित्याशी एकाच तत्त्वाचा, खरा देव आहे असे ख्रिस्ती मंडळीने ३२५ साली नीकेया येथील धर्मसभेत ठामपणे म्हटले, आणि हे विधान बाजूला काढले तर गोठ्यातला जन्म ही केवळ एका गरीब घरची कथा उरते. प्रेषित पौल फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात जे लिहितो त्याचा आशय असा आहे की, देवाच्या बरोबरीचे असणे त्याने धरून ठेवले नाही, स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरील मरणापर्यंत तो नमत गेला. सोन्याची खाट पाहणाऱ्याला असे सांगते की तो खाली आला खरा, पण पूर्ण नाही. आपल्यासाठी थोडी गादी त्याने वरूनच आणली होती. माझ्या श्रद्धेला हे खोटे वाटते.

आमच्या भागात गव्हाण हा शब्द आता गोठ्यापेक्षा साखर कारखान्यात अधिक ऐकू येतो, कारण गळीत हंगामाचा आरंभ गव्हाणीत उसाची मोळी टाकून होतो. माझे आईवडील अनेक वर्षे कोयता घेऊन अशा कारखान्यांच्या फडात राबले आणि माझा जन्मही पाचटाने शाकारलेल्या कोपीत झाला. देखावा मांडताना आई म्हणाली, "तू बी असाच झालास, बाबा. पण तुझ्यापाशी यायला कुणी मेंढरं सोडून आलं न्हाई." मग थोडे थांबून तिने त्या बाळाच्या मूर्तीकडे बोट केले आणि म्हणाली, "ह्यो आला व्हता." ज्या फडावर बाळंतिणीला दहा दिवसही विसावा मिळत नाही, तेथे देव आधीच येऊन गेला आहे, हे तिने कोणाच्या प्रवचनातून उचललेले नव्हते.

वाहतुकीत गाढवाचा एक कान तुटला होता, तो दुकानदाराने आठवडाभरात विनामूल्य बदलून दिला, हे आवर्जून नोंदवतो. गव्हाण वगळून संच मिळेल का, असे विचारल्यावर त्याने अडीचशे रुपये कमी करण्याची तयारी दाखवली. ज्यांना घ्यायचा असेल त्यांनी घेतानाच हे विचारावे. आम्ही सोनेरी खाट कपाटात ठेवून गावातल्या कुंभाराकडून वीतभर लांबीची मातीची गव्हाण करून घेतली आणि तिच्यात ज्वारीच्या कडब्याची कुट्टी भरली. बाळाची पाठ सपाट नसल्याने मूर्ती कुट्टीवर कलंडत होती, शिवाय तिच्या डोक्यावर न निघणारा मुकुट होता. चोवीस तारखेच्या मध्यरात्री आईने आपल्या जुन्या लुगड्याची मऊ चिंधी फाडली, तिचे बाळंते करून मूर्ती मुकुटासकट गुंडाळली आणि गव्हाणीत ठेवली. त्यानंतर ती कलंडली नाही.