गोचीड तापानंतर किडनी तपासायची तर रक्त की लघवी?

आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात गोठ्याशेजारी राहणाऱ्या कुत्र्यांना गोचीड ताप काय नवा नाही. त्यातला बबेसिया हा परजीवी थेट लाल पेशीत शिरून त्या फोडतो, मग लघवी कोऱ्या चहासारखी होते, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि किडनीला फटका बसू शकतो. ताप उतरला, कुत्रं खायला लागलं की सगळे निवांत होतात, पण किडनीचं खरं तेव्हाच बघायला पाहिजे.

बहुतेक जण रक्तातलं क्रिएटिनिन करतात, म्हणजे स्नायूंतून तयार होणारा आणि किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ मोजतात. रिपोर्ट लवकर मिळतो, खूप आजारी कुत्र्यात तर ते लागतंच. पण अडचण अशी की किडनीचं साधारण 75 टक्के काम गेल्याशिवाय ते नीट वाढत नाही, आणि कुत्रं हडकलेलं असलं की आकडा अजूनच कमी दिसतो, म्हणजे रिपोर्ट नॉर्मल म्हणून आपण खूश आणि आत नुकसान चालूच.

लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन प्रमाण किडनीची चाळणी गळायला लागली की आधीच सांगतं. 0.5 च्या वर सारखं येत असेल तर दुर्लक्ष करू नका. फक्त लघवीत इन्फेक्शन किंवा रक्त असेल तर आकडा फसवतो, म्हणून साधी लघवी तपासणी सोबत करा. सॅम्पल घेणं अवघड नाही, सकाळी फिरवताना लांब दांड्याची स्वच्छ पळी हळूच खाली धरायची.

ताप गेल्यावर एकच परवडत असेल तर मी लघवीचीच सांगीन. उलट्या होत असतील, लघवी बंद असेल तर मात्र त्याच दिवशी रक्त, शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज जवळ असेल तर सरळ तिकडं गाठा.