नियम चांगले आहेत, फक्त तो एक्स्ट्रा पॉइंट काढा

तिशीपुढच्यांसाठी पश्चिम नागपुरात रविवारी सकाळी स्त्री-पुरुषांची मिक्स बास्केटबॉल लीग चालते. तिच्यात मी पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ जुळवणारी, म्हणून खेळते. नाव द्यायचं की नाही, असं बऱ्याच जणी विचारतात. द्या. सोमवारी ज्यांना ऑफिस गाठायचं आहे, त्यांचा विचार करून इथले नियम केले आहेत आणि ते पाळलेही जातात.

घड्याळ सहसा थांबवत नाहीत. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत 10 मिनिटांचे 4 क्वार्टर असतात, पण प्रत्येक शिट्टीला घड्याळ थांबतं, म्हणून मॅच लांबत जाते. इथे टाइमआउट आणि शेवटची 2 मिनिटं सोडली तर ते चालूच राहतं. ऊन चढायच्या आत सगळे मोकळे.

मला सगळ्यात पटलेला नियम पायाचा. शॉटसाठी उडालेल्याच्या खाली कोणी पाय सरकवला, की थेट अनस्पोर्ट्समनलाइक, म्हणजे खिलाडूवृत्ती सोडल्याचा, फाउल. फ्री थ्रो तर मिळतातच, वर बॉलही त्याच संघाकडे. उडालेल्या खेळाडूला खाली उतरायला जागा मिळालीच पाहिजे, असं फिबाचा नियमही सांगतो, पण ओळखीपाळखीच्या मॅचमध्ये तो कोणी लावत नाही. आपलं कोर्ट सिमेंटचं. त्यावर चाळिशीतला घोटा मुरगळला की महिनाभर जिना चढताना आठवण येते. "जाऊ द्या ना भाऊ, खेळात होऊन जाते," असं कोणी म्हणालं तरी रेफरी शिट्टी मागे घेत नाहीत. अंगठी, कडं, घड्याळ काढल्याशिवाय कोर्टवर घेत नाहीत. माझं मंगळसूत्रही पिशवीत जातं.

साखळीतल्या 3 मॅच खेळल्याशिवाय बाद फेरीत उतरता येत नाही, हेही उत्तम. नाहीतर फायनलला कोणाचा तरी कॉलेजात खेळणारा भाचा उगवतोच.

आता तक्रार. प्रत्येक संघाच्या 2 बायका कायम कोर्टवर हव्यात, हा नियम मला फार मोलाचा वाटतो. त्याच्यामुळेच आम्ही बेंचवर न बसता खेळतो. पण बाईच्या बास्केटला 1 पॉइंट जास्त द्यायचा, हे मला मान्य नाही. रिंग सगळ्यांना 3.05 मीटरवरच आहे आणि माझा लेअप, म्हणजे रिंगजवळ उडी मारून टाकलेला शॉट, त्याच रिंगमधून जातो. या नियमामुळे मोकळी आहे म्हणून कोणी पास देत नाही, जास्तीच्या पॉइंटसाठी देतं. ज्या बाईने आयुष्यभर मन लावून खेळ शिकला, तिला हे बोचतं.

मदतच करायची असेल तर बॉल बदला. पुरुषांचा बॉल 7 नंबरचा, बायकांचा त्याहून लहान, 6 चा. इथे सगळ्यांच्या हातात 7 चा. थ्री-ऑन-थ्रीमध्ये, म्हणजे तिघा-तिघांच्या बास्केटबॉलमध्ये, आकाराने 6 चा आणि वजनाने 7 चा असा बॉल असतो, स्त्री-पुरुष दोघंही त्यानेच खेळतात. तो आणला तर माझ्यासारख्या लहान पंजाच्या खेळाडूंची पकड सुधारेल, आणि पुरुषांचंही काही अडणार नाही. आयोजकांकडे हे लेखी दिलं आहे. पुढच्या सीझनआधी निर्णय घ्या, ही कळकळीची विनंती.

नवीन येणाऱ्यांनी तळवे न झिजलेले बूट आणावेत, सकाळी कोर्टवर बारीक धूळ असते. स्वतःचा संघ नसला तरी चालतं, एकेकट्यांना जोडून लीगवालेच संघ करून देतात.